हेड गेलं म्हणण्याआधी

घाटात गाडी गरम झाली, बॉनेटखालून वाफ आली. मिस्त्रीनं बॉनेट उघडून दोन मिनिटं डोकावून पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "हेड गेलं." छोट्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा आणायला एवढे दोन शब्द पुरतात. मिस्त्री बरोबर असू शकतो, अनुभवी माणसाला वासावरूनही पुष्कळ कळतं. पण कित्येकदा दोष रेडिएटरच्या झाकणात किंवा न फिरणाऱ्या पंख्यात असतो आणि इंजिन मात्र विनाकारण उघडलं जातं. याच्या उलटही घडतं. हेडखालचं गॅसकेट खरंच उडालेलं असतं, नवं बसतं, गाडी घरी येते आणि चार महिन्यांत पुन्हा तिथंच जाऊन उभी राहते. दोन्ही वेळा चूक एकच असते: इंजिन तापलं कशामुळे, हे कुणी विचारलेलं नसतं. गॅसकेट सहसा आपणहून जात नाही, त्याला काहीतरी घालवतं. ते 'काहीतरी' सापडेपर्यंत दुरुस्ती अर्धीच झालेली असते.

उदाहरणादाखल मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवू. डिसेंबर १९८३मध्ये आलेली आणि जानेवारी २०१४मध्ये बंद झालेली ही गाडी तालुक्याच्या गावांत आजही दिसते. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं आणि त्याच घराण्यातलं इंजिन पुढे अल्टोत आलं. इतर छोट्या पेट्रोल गाड्यांनाही इथलं बहुतेक सगळं लागू पडतं. फरक असेल तिथे तो सांगतो.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, त्यात सिलिंडर. वरचा भाग म्हणजे हेड, त्यात वॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट. दोघांच्या मधे पातळ पत्र्यासारखं गॅसकेट. ते एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवतं: सिलिंडरमधला जळता वायू, ब्लॉकमधून हेडमध्ये चढणारं पाणी आणि वर जाऊन खाली परतणारं ऑइल. पूर्ण ताकदीवर सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट होतो, तर शेजारच्या पाण्याच्या वाटेत तो जेमतेम एक पटीनं वाढलेला असतो. त्यामुळे फट पडली की आधी वायू पाण्यात घुसतो. इंजिन बंद झाल्यावर दाब उलटा होतो आणि पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं.

आता धातूंचं पाहा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि जुन्या इंजिनांत ब्लॉक बहुधा बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. फूटभर लांबीचं हेड नेहमीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापलं, तर त्याची लांबी ब्लॉकपेक्षा साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटरनं अधिक वाढू पाहते. पण बोल्टांनी ते आवळून धरलेलं असतं. मग ते मधून उचललं जातं, गॅसकेट चेपतं आणि गार झाल्यावर आधीसारखं बसत नाही. सुझुकीच्या छोट्या इंजिनांत हेडच्या वाकण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटर सांगितलेली असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी. इतकं वाकणं उघड्या डोळ्यांना दिसत नाही, आणि 'हेड बघितलं, सरळ आहे' या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही तो म्हणूनच.

आधी स्वस्त संशयित

गाडी रात्रभर गार झाली, की सकाळी रेडिएटरचं झाकण काढा. गरम इंजिनावर ते कधीही उघडू नका. खाली अडकलेलं पाणी शंभर अंशांच्या वरचं असतं आणि दाब सुटताच उकळून अंगावर येतं. झाकणाचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे. साधारण ०.९ बारचा जादा दाब धरून ठेवला, की पाणी शंभराऐवजी एकशे अठरा अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की हा फायदा जातो आणि घाटात पाणी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत ओतलं जाऊन बाहेर सांडतं. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, हे लक्षात घेतलं तर चढणीवर झाकणाची परीक्षा का होते ते कळेल. झाकण स्वस्त मिळतं. शंका असेल तर आधी तेच बदला आणि पाहा.

मग पंखा. इंजिन गरम झाल्यावर तो आपणहून सुरू होतो का? नसेल, तर बॅटरीवरून थेट वायर देऊन पाहा. थेट दिल्यावर फिरला, तर मोटर ठीक आहे आणि दोष स्विच, रिले किंवा फ्यूजमध्ये आहे. हायवेवर ठीक चालणारी आणि सिग्नलला तापणारी गाडी असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्या. उलट, शहरात ठीक आणि चढावर किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता अधिक. पाण्याचा पंप गळत असेल, तर त्याच्या खालच्या बारीक भोकातून थेंब पडतात आणि कडेला वाळलेल्या कूलंटचा रंगीत डाग दिसतो. सीएनजीच्या गाडीत आणखी एक जागा तपासा. गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर गरम ठेवायला इंजिनाचंच पाणी तिकडे फिरवलेलं असतं, आणि किट बसवताना होज पाइपांत घातलेले जोड बऱ्याचदा गळतात. पाणी नेहमी कमी होतंय, पण कुठे जातंय ते कळत नाही, अशा कितीतरी तक्रारींचं मूळ तिथं निघतं.

थर्मोस्टॅट हा आपल्याकडच्या गॅरेजांचा आवडता बळी. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, काढूनच टाकू" असं म्हणत तो फेकला जातो. तो उघडत नसेल तर जरूर बदला. पण त्याच्याशिवाय गाडी चालवणं चुकीचं आहे. इंजिन हवं तेवढं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमधली वाफ उडून जात नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडणारा थर्मोस्टॅट घरीही तपासता येतो. पातेल्यात पाणी घ्या, तो दोरीनं लटकवा, सोबत थर्मामीटर ठेवा आणि उघडताना पाहा. पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

गॅसकेटचा पुरावा

एवढं सगळं ठीक असूनही पाणी कमी होत असेल, तर गॅसकेटची चौकशी सुरू करा. गॅसकेट वेगवेगळ्या जागी फाटतं आणि प्रत्येक वेळी वेगळं दिसतं. वायू आणि पाण्याची वाट जोडली गेली, तर पाणी उकळतं, बाटलीत बुडबुडे येतात. पाणी आणि ऑइलची वाट जोडली गेली, तर ऑइल दुधाळ तपकिरी होतं. दोन शेजारच्या सिलिंडरांमधली भिंत गेली, तर पाण्याला काहीच होत नाही, गाडी फक्त ताकद सोडते आणि मिस मारते. बाहेरच्या कडेला फाटलं, तर ब्लॉकवरून ऑइल किंवा पाणी ओघळतं. म्हणून "पांढरा धूर नाही, म्हणजे हेड ठीक" हे म्हणणं टिकत नाही.

सगळ्यांत सोपी चाचणी होज पाइपाची. पूर्ण गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज हातानं दाबत राहा. पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत, पाणी कोमट व्हायच्या आधीच, तो दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधून आलेला आहे. दुसरी चाचणी: गार इंजिनावर झाकण काढूनच सुरू करा, रेडिएटरच्या तोंडाशी पाणी भरलेलं ठेवा आणि पाहत राहा. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. न थांबणारे आणि रेस दिली की वाढणारे बुडबुडे मात्र घातक. पाणी तापून वर यायला लागलं की चाचणी थांबवा.

पक्का पुरावा हवा असेल, तर रंग बदलणाऱ्या द्रावणाची चाचणी करा. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून त्यातली हवा निळ्या द्रावणातून ओढतात. त्या हवेत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल, तर निळा रंग पिवळा होतो. हे किट ऑनलाइन मिळतं. रेडिएटरमधलं पाणी दोन-तीन बोटं खाली उतरवून मगच चाचणी करा, नाहीतर कूलंट द्रावणात ओढलं जातं आणि सगळा खेळ संपतो. इंजिन उघडण्याच्या खर्चाच्या मानानं ही चाचणी फुकटात पडते. तरीही ती करणारी गॅरेजं कमीच, म्हणून ती तुम्हीच मागा.

स्पार्क प्लग काढून एका ओळीत ठेवा. दोन नेहमीसारखे तपकिरी आणि तिसरा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. मग कॉम्प्रेशन तपासा. सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इग्निशन तोडलेलं, इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, बॅटरी चांगली. चांगल्या पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान येतो. आकड्यापेक्षा तफावत महत्त्वाची. एक सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा गॅसकेट. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी पडले असतील, तर मधली भिंत गेली असं जवळजवळ खात्रीनं म्हणता येतं.

ऑइलच्या झाकणाखालचा पिवळट लेप पाहून पुष्कळ लोक घाबरतात. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो वाफेमुळे जमतो. इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, मग वाफ जाणार कुठे? अशा गाडीला एकदा लांबवर नेऊन आणा. लेप गेला आणि ऑइलची पट्टी स्वच्छ असेल, तर काळजी नाही. पट्टीवरच ऑइल दुधाळ असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर गाडी सुरूही करू नका. कूलंट मिसळलेलं ऑइल बेअरिंगांना धरत नाही. पांढऱ्या धुराचंही तसंच. हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ निर्दोष असते. तापल्यावरही धूर चालू राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर तो कूलंटमधल्या ग्लायकॉलचा.

आणखी एक धोका. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्टरनं अर्धवट फिरून अडकली, तर जोर लावू नका, धक्का मारून तर मुळीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून स्टार्टर मारा. पाण्याची पिचकारी उडाली, तर निदान झालं.

घाटात काय करायचं

खंबाटकीत किंवा कसाऱ्यात तापमानाचा काटा वर जाताना दिसला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर वेगात. उकाड्यात हे क्रूर वाटतं, पण हीटर हा इंजिनाचा लहान रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच थांबा. वाफ येत असेल तर इंजिन बंद, आणि पंखा चालत असेल तर चावी नुसती चालू ठेवून तो फिरू द्या. गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, अ‍ॅल्युमिनियमचं हेड तडकतं. निदान पाऊण तास जाऊ द्या. काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी पूर्ण संपलं, की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. गाडी गार झाली म्हणून माणूस पुढे निघतो आणि तिथंच इंजिन जाम होतं. नव्या कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त दिवा असतो. लाल दिवा लागला तर तो मावळायची वाट पाहत गाडी हाकू नका.

हेड उतरवताना आणि चढवताना

गॅसकेट खरंच गेलं असेल, तर काम काय होतं ते माहीत असलेलं बरं, स्वतः करणार नसलात तरी. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेड सोडायचं. गरम असताना सोडलं, तर ते तिथंच वाकतं. कूलंट काढा, बॅटरीची तार सोडा, टायमिंगच्या खुणा जुळवून मगच बेल्ट उतरवा. मारुती ८००ला टायमिंग बेल्ट आहे, तर अल्टो के-१०सारख्या नव्या इंजिनांत चेन. चेनचं काम अधिक वेळखाऊ आहे. हेडचे बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. बाहेरून आत येत, प्रत्येकाला थोडंथोडं ढिलं करत, दोन-तीन फेऱ्यांत.

हेड निघालं की जुनं गॅसकेट फेकू नका. ते स्वच्छ पुसून उजेडात धरा. कुठली कड काळी पडली, कुठे फाटलं, कुठे पाण्याच्या भोकाभोवती गंज चढला, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. मिस्त्रीला ते दाखवायला सांगा. चिकटलेला भाग प्लॅस्टिकच्या किंवा बोथट खरवडणीनं काढायचा. ग्राइंडरवर एमरीचं चाक लावून घासणं झटपट होतं, पण त्याची धूळ बेअरिंगांत जाते, शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर खळगे पडतात.

माझ्या मते सगळ्यांत जास्त कंजूषपणा होतो तो इथे. हेड लेथवाल्याकडे नेण्याऐवजी "कापड मारून" परत बसवलं जातं. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत मोजायला हवं. मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं. फेसिंगमध्ये जेवढं कमी काढता येईल तेवढंच. जास्त काढलं, तर कॉम्प्रेशन वाढतं, गाडी ठोके मारते आणि काही हेडं त्यानंतर वापरण्याजोगी राहत नाहीत. सोबत प्रेशर टेस्ट करून घ्या. वॉल्व्हच्या सीटांमधल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, गरम पाण्यात बुडवून आतून हवा दिली की बुडबुडे त्या दाखवतात. चीर पडलेल्या हेडवर नवं गॅसकेट म्हणजे पैसे पाण्यात. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही मोजा, तो अनेकदा विसरला जातो. नवं गॅसकेट धातूच्या थरांचं असेल, तर पृष्ठभाग आणखी गुळगुळीत लागतो. जुन्या संमिश्र प्रकाराला तेवढा काटेकोरपणा लागत नाही.

बोल्टांची भोकं कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक फुटू शकतो. काही इंजिनांचे बोल्ट एकदा ताणले, की पुन्हा वापरता येत नाहीत. ते नवे घ्या. गॅसकेटवर सीलंट चोपडायचं नाही, मॅन्युअल सांगत असेल तेवढंच. वरची बाजू कुठली हे त्यावर छापलेलं असतं. मग बोल्ट मधून बाहेर, गोल फिरत, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनं. आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. लांब पाइप लावून "हाताला कळतं" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. मिस्त्रीकडे टॉर्क रेंच आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी चांगलं गॅरेज ओळखू येतं.

गाडी जोडून झाल्यावर हीटर गरमवर ठेवून कूलंट हळूहळू भरायचं, हवा पूर्ण निघू द्यायची, थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम होईपर्यंत थांबायचं. ऑइल आणि फिल्टर नवे. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल, तर थोड्या किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा बदलायचे. जुन्या प्रकारच्या गॅसकेटला पहिल्या तापण्यानंतर इंजिन गार करून बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. तेही मॅन्युअलमध्ये असेल तरच. टॅपेट सेट करून घ्या.

पाण्यात ओतून गॅसकेट सांधणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या अनेकांत सोडियम सिलिकेट असतं, ते तापल्यावर काचेसारखं घट्ट होतं. २००९मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या भंगारात काढण्याच्या सरकारी योजनेत हेच रसायन ऑइलच्या जागी ओतून इंजिनं मुद्दाम मारली जात, ती पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. पाण्यात घातलं तर ते बारीक फट कधी बुजवतंही, पण त्याबरोबर रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही. गाडी विकून टाकायचीच असेल तर गोष्ट वेगळी, आणि तीही खरेदीदाराला सांगूनच.

उरला प्रश्न मूळ कारणाचा. महाराष्ट्रात त्याचं उत्तर फार वेळा बोअरच्या पाण्यात असतं. क्षारांचं पाणी रेडिएटरमध्ये थर धरतं, आणि नुसत्या पाण्यामुळे अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या भोकांभोवती पोखरलं जातं, मग गॅसकेटला टेकायला सपाट जागाच उरत नाही. कूलंट आपल्याकडे बर्फासाठी नाही, गंज रोखण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी लागतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रण घेतलं तर त्यात पाणी घालायचं नाही. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यानं मरतात. बंद डब्यात भरून ज्या गॅरेजकडे जुनं ऑइल जमा होतं, तिथं द्या.

दुरुस्तीनंतर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी गार इंजिनावर पाण्याची पातळी आणि ऑइलची पट्टी पाहा. पातळी पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरते, उरलेली हवा निघते म्हणून. नंतरही उतरत राहिली, तर वाट पाहू नका, होज दाबून पाहण्याची चाचणी पुन्हा करा आणि गाडी त्याच मिस्त्रीकडे न्या. जुनं गॅसकेट ठेवलं असेल तर तेही सोबत घ्या.